नापास व्हायची परीक्षा

सलूनमध्ये खुर्च्या दोन होत्या, पण चालायची एकच. दुसरीच्या पाठीचा खटका मोडला होता आणि तिच्यावर वर्तमानपत्रं, जुनी मासिकं आणि त्यांच्यावर वाट बघणारं गिऱ्हाईक, असा थर साचलेला असे. चालत्या खुर्चीमागे कात्री घेऊन जो माणूस उभा असायचा, त्याला सगळी गल्ली प्रोफेसर म्हणायची. हे नाव उगाच पडलेलं नव्हतं. कुठल्या देशात सरकार पडलं, कुठल्या गोळीने पोट बिघडतं, भाडेकरूंचा नवा कायदा काय म्हणतो, सगळं त्याला तोंडपाठ. गल्लीतली भांडणं निवाड्यासाठी त्याच्याकडे यायची. पदव्या लावून बसलेली माणसं त्याच्यासमोर मान खाली घालून बसत. अर्थात मानेवरचे केस कापायचे तर तसं बसावंच लागतं.

आणि या प्रोफेसरला वाचता येत नव्हतं.

अगदीच येत नव्हतं असं नाही. स्वतःचं नाव, आकडे, दारावरचं 'चालू' आणि 'बंद' एवढं यायचं. त्यापुढे पान उघडलं की अक्षरं वारूळ फुटल्यासारखी सैरावैरा पळायला लागायची. लहानपणी मास्तरांनी पट्टी मोडेपर्यंत मारून खात्री करून घेतली होती की पोरगं मठ्ठ आहे. दहाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो काकाच्या दुकानात केस झाडायला लागला. मठ्ठ माणसाने पुढे तीस वर्षं सगळ्या गल्लीला शेंडी लावली, ही गोष्ट मास्तरांना कुणी कळवली नाही.

त्याची पद्धत साधी होती. गिऱ्हाईक बसलं, गळ्याभोवती कापड बांधलं, की त्याच्या हातात पेपर द्यायचा. "माझे हात गुंतलेत, जरा वाचा की. अग्रलेख वाचा, बातम्या काय कुणीही वाचतं." गळ्याशी वस्तरा असताना नाही कोण म्हणणार? लाईटचं बिल, शाळेची नोटीस, बाटलीवरच्या बारीक सूचना, सगळं याच मार्गाने त्याच्या डोक्यात जायचं आणि तिथेच राहायचं. सासऱ्यांचं मृत्युपत्र तर दोघा गिऱ्हाइकांनी मिळून वाचलं होतं, कारण पहिल्याची दाढी मध्येच संपली.

त्याच्या बायकोला हे लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं. ती औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती आणि बारीक अक्षर वाचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिने ही गोष्ट स्वतःच्या आईलाही सांगितली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मुलीला तर दोघांनी कधीच सांगितली नाही.

मुलगी नऊ वर्षांची. तिला सगळे टेप म्हणायचे, कारण एकदा ऐकलेलं ती खोकल्यासकट परत म्हणून दाखवायची. मुख्याध्यापकांचं वार्षिक भाषण ती इतकं हुबेहूब करायची की एकदा खुद्द मुख्याध्यापकच मागे उभे राहून ऐकत होते आणि त्यांनी म्हणे शेवटी टाळी वाजवली. पण पुस्तक उघडलं की टेप बंद. तिसरीत एकदा मुक्काम वाढवून झाला होता. आता पुन्हा तीच वेळ आली होती.

वर्गशिक्षिकेने बायकोला बोलावून सांगितलं, की मुलगी हुशार आहे, तिला डिस्लेक्सिया असावा. शाळेत अशा मुलांसाठी वाचनाचा वेगळा वर्ग आहे, फुकट आहे, पण जागा बारा आणि अर्ज अडतीस. त्यात नाव लागलं तर मुलगी चौथीत जाईल आणि तिला शिकवण्याची पद्धतही बदलेल. नाही लागलं तर पुन्हा तिसरी, आपल्याहून दोन वर्षांनी लहान पोरांच्या बाकावर.

"डिस्लेक्सिया," प्रोफेसर म्हणाला. "ज्याने हे नाव ठेवलं त्याला स्वतःला हा त्रास नक्की नव्हता."

"हसू नका," बायको म्हणाली. "हे घराण्यातून येतं, असं बाई म्हणाल्या. खाण तशी माती."

प्रोफेसरने आरशात बघितलं आणि आरसा पुसायला घेतला.

फॉर्म बारा पानी होता. वर लिहिलेलं होतं, पालकांनी स्वतःच्या हस्ताक्षरात भरावा. ज्यांच्या पोरांना वाचता येत नाही अशा घरांना बारा पानांचा फॉर्म पाठवणारा माणूस पोहता न येणाऱ्याला म्हणत असणार, आधी पलीकडच्या काठावर येऊन अर्ज करा. बायकोने पेन उघडलं, पण कारखान्यातली तिची पाळी बदलली होती, दोन दिवस तिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. आणि प्रोफेसरला ऐट. "आण इकडे. मी बघतो."

त्याने बघितलं म्हणजे नेहमीच्या पद्धतीने बघितलं. पहिली पाच पानं एका निवृत्त कारकुनाच्या हजामतीत भरून झाली. नंतरची चार एका कॉलेजच्या पोराने भरली, त्याला मिशी कोरून हवी होती. उरलेली तीन कंत्राटदारसाहेबांनी. हे कंत्राटदार दर आठवड्याला यायचे, केस नसले तरी यायचे. त्यांचा स्वतःचा मुलगा त्याच वर्गात आधीच दाखल झालेला होता.

कारकून फार मन लावून भरत होता. "घरात वाचनाचं वातावरण आहे का? अहो, तुमच्या घरात नाही तर कुणाच्या घरात! लिहितो, उत्तम. घरात पुस्तकं किती?" त्याने मोडक्या खुर्चीवरच्या मासिकांचा अंदाज घेतला आणि दीडशे लिहिलं. मग पुढचा प्रश्न वाचला. "कुटुंबात कुणाला वाचनाची अडचण आहे किंवा होती का?" तो इतका हसला की कात्री त्याच्या कानाला लागता लागता राहिली. "प्रोफेसर, तुम्हालाच विचारतायत बघा! 'नाही' असंच लिहू ना?"

कात्री दोन क्षण हवेत थांबली. दुकानात आणखी तिघं बसले होते.

"लिहा," प्रोफेसर म्हणाला.

फॉर्मनंतर मुलांची वाचनाची परीक्षा होती. त्या सकाळी टेप अंथरुणातून उठेना. प्रोफेसरने तिची वेणी घट्ट बांधत तिला आपलं आयुष्यभराचं तत्त्वज्ञान सांगितलं. "घाबरायचं नाही. कान उघडे ठेवायचे. कान उघडे असले की माणसाचं काही अडत नाही."

संध्याकाळी ती उड्या मारत दुकानात आली. "बाबा, मी पास! एकदम पास!" घडलं होतं ते असं. मुलांना एका खोलीबाहेर बाकावर ओळीने बसवलं होतं. दाराला फट होती. आत प्रत्येकाला तेच पान वाचायला देत होते, एका हरवलेल्या छत्रीची गोष्ट. मुलं अडखळत होती, आतल्या बाई त्यांना शब्द सांगत होत्या. टेपचा नंबर सातवा. सहा वेळा छत्री हरवली आणि सहा वेळा सापडली, तेव्हा कुठे ती आत गेली. मग तिने पानावर बोट ठेवलं, डोळे बारीक केले आणि गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत धडाधड म्हणून टाकली. मधे एकदा पान उलटायचं असतं हेही तिने आवाजावरून ओळखलं होतं.

प्रोफेसरने तिला उचलून चालत्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची तीनदा गरगर फिरवली. "शाब्बास! बाप तशी लेक!" त्याला खरोखर भरून आलं होतं. इतकी सफाई त्याला स्वतःला पंधरा वर्षांच्या मेहनतीनंतर आली होती.

बायको पिशवी घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो शहाणे," ती म्हणाली, "ती नापास व्हायची परीक्षा होती!"

खुर्ची हळूहळू फिरायची थांबली.

आठवड्याने शाळेचं पत्र आलं. प्रोफेसरने सवयीने ते खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या हातात दिलं आणि दिल्यावर त्याला वाटलं, आज नको होतं द्यायला. पण गिऱ्हाइकाने घसा साफ करून सुरुवात केली होती. विद्यार्थिनीचं वाचन वयाच्या मानाने उत्तम आहे. घरातलं वातावरण अनुकूल, पालक सुशिक्षित. विशेष वर्गाची गरज नाही. वर्गातल्या कमी प्रगतीचं कारण आळस असावं.

"वा वा!" गिऱ्हाईक म्हणालं. "पेढे काढा, प्रोफेसर!" दुकानात सगळ्यांनी अभिनंदन केलं. कारकुनाने तर पाठ थोपटली, आणि थोपटण्याचा हक्क त्याला होताच, अर्धा फॉर्म त्याचा होता. प्रोफेसर हसत होता. त्याला आतून इतकं लाजल्यासारखं झालं होतं की त्याने गिऱ्हाइकाची एकच बाजू दोनदा कापली.

आळस हा शब्द घरी पोचला. टेपने दोन दिवस कुणाची नक्कलसुद्धा केली नाही. तिसऱ्या दिवशी शाळेच्या वेळेला तिचं डोकं दुखायला लागलं. चौथ्या दिवशीही दुखलं. पाचव्या दिवशी ती सरळ दुकानात आली, कोपऱ्यातला झाडू उचलला आणि खाली पडलेले केस गोळा करायला लागली. छान करत होती. कोपऱ्यातले आधी, मग खुर्चीखालचे.

"मी इथेच काम करते, बाबा. शाळेत नको. माझं डोकंच नाही वाचायचं. तुझ्यासारखं नाही मला येत."

प्रोफेसरने तिच्या हातून झाडू काढून घेतला. त्याने 'चालू'ची पाटी 'बंद' केली. खुर्चीत अर्धी दाढी झालेला माणूस होता, त्याला तोंडावरच्या फेसासकट टॉवेल देऊन उद्या यायला सांगितलं.

"तुम्हीच जा," बायको त्या संध्याकाळी म्हणाली. "मी गेले तर मी घडाघडा वाचणार. त्यांना वाटेल, बघा, घरी शिकलेली आई आहे. आणि वाचनाच्या बाई पालकांना फक्त सोमवारी भेटतात. यादी सोमवारी दुपारी लागणार. दोन जागा उरल्यात म्हणे."

"जाऊन काय सांगू?"

"ते मी सांगायला पाहिजे का?"

सोमवारी दुकान बंदच असायचं. प्रोफेसरने स्वच्छ दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि मुलीचा हात धरून शाळेत गेला. वाचनाच्या बाईंची खोली म्हणजे पूर्वीचं अडगळीचं कोठार होतं. एका बाजूला खेळाच्या चटया रचलेल्या, कपाटावर फुटका पृथ्वीगोल, आणि मधे टेबलामागे बाई. बाई बारीक, आवाज मोठा. टेबलावर एक यादी होती आणि तिच्या तळाशी दोन ओळी कोऱ्या होत्या.

"तुमची फाईल बंद झालीय," बाई म्हणाल्या. "मुलगी वाचते. मी स्वतः ऐकलंय. हरकत असेल तर लेखी अर्ज द्या."

"लेखीच का लागतं हो तुम्हाला सगळं?" प्रोफेसरचा तोल सुटला. "कंत्राटदारांच्या मुलाला कुणी वाचायला लावलं नाही."

"त्यांच्याकडे तज्ज्ञांचा रिपोर्ट होता. रिपोर्ट असेल तर नाव आधी लागतं. नियम मी केलेला नाही."

"म्हणजे ज्याच्या घरी सगळं वाचता येतं, त्याच्या पोराला तुम्ही आधी वाचायला शिकवणार. आणि आमच्यासारख्यांनी आधी बारा पानं लिहून दाखवायची की आम्हाला लिहिता येत नाही!"

"तुमच्यासारख्यांनी?" बाईंनी फाईल उघडली. "इथे लिहिलंय, दीडशे पुस्तकं."

प्रोफेसरने मुलीकडे बघितलं. ती चटयांच्या ढिगावर बसून पृथ्वीगोलाला टिचक्या मारत होती. तिला बाहेर थांब म्हणावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. मग त्याच्या लक्षात आलं की दाराला फट आहे, आणि ही मुलगी दाराबाहेर बसून काय काय करू शकते ते आता त्याला पुरतं माहीत होतं.

"तो फॉर्म माझ्या गिऱ्हाइकांनी भरलाय," तो म्हणाला. "तीन जणांनी. अक्षरं बघा, तीन वेगळी आहेत. आणि मुलीने गोष्ट वाचली नाही, बाहेर बसून पाठ केली. तिला ही विद्या मी दिली. मला वाचता येत नाही."

पृथ्वीगोलावरच्या टिचक्या थांबल्या.

बाईंनी छत्रीची गोष्ट बाजूला सारली, दुसरं एक पान काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. तीस वर्षांची सवय आपोआप तोंडातून निघाली. "चष्मा घरी राहिला."

बाईंनी खण ओढला. त्यात आठ-दहा चष्मे होते, जाड, पातळ, सगळ्या नंबरांचे. "इथे येणारा प्रत्येक बाप चष्मा विसरतो," त्या म्हणाल्या. "कुठला देऊ?"

प्रोफेसरने एकही घेतला नाही. पान उचललं. पहिला शब्द आला. दुसरा आला. तिसऱ्याशी अक्षरांनी आपापल्या जागा सोडल्या. तो पुन्हा मागे गेला, आता पहिलाही येईना. आणि मागे मुलगी बसलेली होती, जिला वाटायचं की आपला बाप जगातलं सगळं वाचतो. त्याला मास्तरांची पट्टी पुन्हा खावी असं वाटलं, पण हे नको. कसाबसा तो चौथ्या शब्दापर्यंत पोचला आणि तिथे अडकला तो अडकलाच.

मग त्याच्या कोपरापाशी कुणीतरी येऊन उभं राहिलं.

"बाबा," टेप हळूच म्हणाली, "तुझी पण पळतात?"

"हो."

"मग ओळीखाली कागद धर. बोट नको, कागद. खालची ओळ झाकली ना, की जरा कमी पळतात." तिने टेबलावरची यादीच उचलली आणि त्याच्या ओळीखाली धरली. "आता बघ. आणि घाई नको करू, घाई केली की ती चिडतात."

कागद धरल्यावर चौथा शब्द आला. प्रोफेसरला पुढचं दिसेना, पण ते अक्षरांमुळे नव्हतं. चाळीस वर्षांत त्याला कुणी भेटलं नव्हतं ज्याची अक्षरं पळतात. त्याला वाटलं होतं, हे जगात आपल्या एकट्याच्याच वाट्याला आलंय, आणि हिलाही इतके दिवस तेच वाटत होतं, एकाच घरात, एकाच ताटाशी बसून. त्याने सदऱ्याच्या बाहीने सरळ डोळे पुसले.

बाईंनी पेन बाजूला ठेवलं. "आता तू वाच," त्या मुलीला म्हणाल्या आणि तिसरंच पान काढलं.

टेपने पान बघितलं आणि कपाळावर हात ठेवला. "माझं डोकं..."

"काही दुखत नाहीये," प्रोफेसर म्हणाला. "अडखळ. मी आत्ताच अडखळलो ना? काही झालं का? मस्त अडखळ."

तिने वाचलं. तीन मिनिटांत नऊ शब्द, त्यातले पाच चूक. दोनदा रडली, एकदा पान उलटं धरलं. प्रत्येक चुकीला प्रोफेसर मान डोलावत होता, जसा काही मैफलीत बसलाय. बाईंनी एकदा त्याला नजरेने दटावलं. शेवटी त्यांनी वेळ मोजायचं घड्याळ बंद केलं, जुन्या फॉर्मवर आडवी रेघ मारली, मुलीच्या हातून यादी मागून घेतली आणि कोऱ्या ओळीवर तिचं नाव लिहिलं.

"उद्यापासून. रोज पहिला तास माझ्याकडे."

प्रोफेसर उठला आणि दाराशी थांबला. "बाकीच्या पोरांचं काय? अडतीस होते ना अर्ज?"

"त्यांचं काय, ते मीही विचारतेय चार वर्षं." बाईंनी उरलेल्या एका कोऱ्या ओळीवर पेन टेकवलं. "काही अर्ज इतके छान भरलेले असतात की मला वाटतं, या घरात सगळं ठीक आहे. कोण कुणाकडून भरून घेतं ते मला कसं कळणार? त्यांचे बाप केस कापायला तुमच्याकडेच येतात ना? सांगा त्यांना, लपवू नका म्हणून."

"सांगतो," तो म्हणाला, आणि हे सांगायचं तर आधी काय सांगावं लागेल ते कळल्यावर त्याचा पाय उंबऱ्यातच अडकला.

बाहेरच्या लांब ओसरीत पालकांची गर्दी होती. यादीची वाट बघत पंधरा-वीस जण उभे होते, निम्मे तरी त्याच्याच खुर्चीत बसणारे. कारकून नातवाला घेऊन आला होता. कंत्राटदारसाहेब मुलाला सोडायला आलेले, ते हात हलवत पुढे आले.

"काय प्रोफेसर! तुम्ही इथे कसे? काय झालं?"

प्रोफेसरने तोंड उघडायच्या आत टेपने त्याचा हात सोडला आणि मुख्याध्यापकांच्या आवाजात, ओसरीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं, "मी नापास झाले! मला जागा मिळाली! बाबा पण नापास झाला, त्याला पण वाचता येत नाही!"

सगळी ओसरी वळून बघायला लागली. प्रोफेसरचा हात मुलीच्या तोंडाकडे गेला होता. तो तिथून मागे आला आणि तिच्या खांद्यावर बसला.

"खरंय," तो म्हणाला. "चार शब्द वाचले. तेही हिने मदत केली म्हणून."

कंत्राटदार हसायला लागले आणि मधेच थांबले. आणि मागच्या भिंतीला टेकून उभा असलेला एक बाप, हातातला, अजून कोराच राहिलेला बारा पानी फॉर्म घडी करून खिशात कोंबत, गर्दीतून वाट काढत प्रोफेसरच्या दिशेने यायला लागला.